कोंडाबाईंनी शब्द पाळला

३ जुलै २०२४, बुधवार. निपाणी

आईला आज घरी आणलं. डाव्या पायाची करंगळी बेळगावच्या दवाखान्यात ठेवून आलो. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला सबब नको. शुगर चौदा वर्षांची आहे. पायाच्या शिरा बारीक झाल्यात, पावलांना जाणीव उरलेली नाही. त्यात मिश्री. तंबाखू सुटली तर पाय टिकेल, नाही सुटली तर पुढच्या खेपेला बोटावर भागणार नाही. शिवाय रोज संध्याकाळी तळवे तपासायचे, कारण टोचलेलं, भाजलेलं तिला कळणार नाही.

तिथल्या व्यसनमुक्तीच्या बाईंनी ही वही ठेवायला सांगितली. रोज चार ओळी, रुग्णाबद्दल आणि स्वतःबद्दलही. स्वतःबद्दल कशाला ते मला समजलं नाही. व्यसन मला नाही.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि ‘तंबाखूमुक्त शाळा’ समितीची प्रमुख आहे. फाटकापासून शंभर यार्डांवरची पिवळी रेघ मी उन्हात उभी राहून मारून घेतली. त्या रेघेच्या पलीकडे चौथ्या घरात माझी आई रोज पहाटे पायरीवर बसून तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना घासते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

५ जुलै, शुक्रवार

घर झाडून काढलं. तीन डब्या सापडल्या. एक तांदळाच्या डब्यात, एक जुन्या लुगड्याच्या घडीत, एक चक्क माझ्या बी.एड.च्या पुस्तकांमागे. तिन्ही गटारात रिकाम्या केल्या. आई खाटेवर बसून बघत होती. 

शेजारची मनुबाई, आईची तंबाखूच्या वखारीतली जोडीदारीण, दारात येऊन म्हणाली, “पारू, एकदम तोडू नको गं. पन्नास वरसाची सवय हाय. जित्याची खोड हाय ती.”

मी म्हटलं, “मनुमावशी, तू तुझी खोड तुझ्या घरात ठेव.” जरा तोडून बोलले, पण इलाज नव्हता.

९ जुलै, मंगळवार

चार दिवस तिचं पोट साफ नाही. इसबगोल देते, उपयोग नाही. “मिश्री लावल्याबिगर पोट हलत न्हाय गं माझं,” म्हणते. जेवत नाही. हात थरथरतात. सकाळी मी चहा दिला तर कपबशी ढकलून दिली. माझ्या आठवणीत आईनं अन्नाला असा हात कधी लावलेला नाही. मग स्वतःच पदरानं फरशी पुसत बसली आणि रडली.

तिला शांत करायला विचारलं, लागली कधी ही सवय? म्हणाली, अकरा वर्षांची होते, वखारीत तंबाखू चाळायला जायला लागले. धुरळ्यानं घशात आग व्हायची, दुपारची भाकरी नसायची. एका म्हातारीनं बोटानं हिरडीला लावली. “भूक मरती तिनं. आन डोळं उघडं ऱ्हात्यात. फुडं तुमी दोगं झालासा. दोनच भाकरी असल्या की तुला एक, सुगतला एक, आन मला मिश्री.”

ऐकून गलबललं. पण असं हळवं झालं की माणूस बरोबर आपल्याला गुंडाळतो. व्यसनी माणसाला हे फार चांगलं जमतं. मी सात वर्षांच्या संसारात ते शिकलेय.

डोकं सकाळपासून ठणकतंय. दोन गोळ्या घेतल्या.

१४ जुलै, रविवार

सुगत बेळगावच्या खासबागेतून आला. धाकटा भाऊ, बँकेत आहे, दर रविवारी येतो आणि आईचा लाडका असतो. दुपारी मी भांडी घासत असताना आई मागच्या दारानं मनुबाईकडे गेली आणि तोंड काळं करून आली. मी ओढणीनं तिचे दात पुसून दाखवले सुगतला. आई लहान पोरासारखी तोंड फिरवत होती.

तो म्हणाला, “आक्का, बास कर. हळूहळू सोडंल ती. दिवसाला दोनदा, मग एकदा, असं करू या.”

हळूहळू. हा शब्द माझा नवरा दारूबद्दल सात वर्षं वापरत होता. हळूहळू सुटली नाही, मीच सुटले. सुगतला हे माहीत आहे, तरी तेच बोलतो. वर म्हणतो, “तू बी रोज डोक्याच्या गोळ्या खातीस की. एक दिस न्हाय घेतलीस तर घरात कुणाची बोलायची छाती हाय का?”

औषध आणि व्यसन यात फरक आहे. पदवीधर माणसाला तो समजावून सांगायची वेळ यावी, याचंच वाईट वाटलं.

रात्री विचार करताना एक गोष्ट सुचली. आई डॉक्टरांना घाबरत नाही, मला जुमानत नाही. पण बाबासाहेबांच्या फोटोपुढे ती खोटं बोलणार नाही. जीव गेला तरी नाही. येत्या रविवारी आषाढी पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने सुरू होतात. विहारात सगळे असतील.

२१ जुलै, रविवार. आषाढी पौर्णिमा

झालं. आज मला बरं वाटतंय, ते लिहिते.

सकाळी पांढरं लुगडं नेसवताना आई म्हणाली, “पारू, तितं नको गं. घरात तुझ्याम्होरं बोलतो मी. फोटूम्होरं नको.” मी म्हटलं, का नको? सोडायची असेल तर भीती कशाची? म्हणाली, “मिश्री काय दारू न्हाय. पाचव्या शीलात तिचं नाव न्हाय.” मी म्हटलं, पाय कापायची वेळ आणणारी गोष्ट शीलात बसते की नाही ते आपण तिथंच विचारू. 

वंदना झाल्यावर मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं. आईला पुढं नेलं, मेणबत्ती तिच्या हातानं लावली. तिनं बुद्धाकडे बघितलं, मग बाबासाहेबांच्या फोटोकडे, आणि हात जोडले.  म्हणाली, “वर्षावास संपूस्तवर मी मिश्री लावणार न्हाय.” मी हळूच म्हटलं, “जन्मभर.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “जल्मभर न्हाय लावणार.”

सगळ्यांनी साधू साधू साधू म्हटलं. बायका येऊन तिच्या पाया पडल्या. मनुबाई मागं उभी होती, ती पुढं आली नाही. अपराधी वाटलं असेल.

३० जुलै, मंगळवार

नऊ दिवस. पहिले चार वाईट गेले. डोकं भिंतीला टेकून बसायची, हाक मारली तर ओ द्यायची नाही. पाचव्या दिवशी रात्रभर घरात फेऱ्या मारल्या. मी तिच्यासोबत जागले, पण डगमगले नाही. शनिवारपासून एकाएकी शांत झाली. काल स्वतःहून भाकरी मागितली. पोटही साफ होतंय. समुपदेशनाच्या पुस्तकात दिलंय तसंच, शरीर आठवड्याभरात सावरतं.

संध्याकाळी तळवे तपासायला बसले तर तिनं पाय ओढून घेतले. “आता बी पोलिसावानी झडती घेतीस व्हय? शब्द दिलाय न्हवं मी? माझं पाय मी बघतो की. आरसा दे मला.”

मला लाज वाटली. शाळेत पोरांना सांगते, विश्वास टाकला की माणूस त्याला जागतो. आईला हातआरसा आणून दिला. आजपासून तिचे पाय तिच्याकडे.

८ ऑगस्ट, गुरुवार

आई आता पहाटे साडेचारला उठते. परसातल्या न्हाणीत चूल पेटवून पाणी तापवते. घरात गीझर आहे, पण म्हणते त्या पाण्यानं अंग शेकत नाही. मी उठेपर्यंत अंघोळ उरकून, फळीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची काच पुसून, चहा ठेवून बसलेली असते. महिन्यापूर्वी हिला कपबशी धरवत नव्हती. सुगतला फोन करून सांगितलं, बघ, तुझं ‘हळूहळू’ कुठं राहिलं. तो म्हणाला, “बरं झालं आक्का.” एवढंच.

१५ ऑगस्ट, गुरुवार

शाळेत झेंडावंदनानंतर हेडसरांनी आईचा सत्कार केला. कल्पना माझी, पण त्यांनी उचलून धरली. आई यायला तयार नव्हती. काल रात्री जेवलीही नाही. “मला तितं बसवू नको गं पोरांम्होरं,” तेवढंच धरून बसली होती. मी म्हटलं, तुला बघून पन्नास घरांतली तंबाखू सुटेल. रिक्षा दारात आणली.

शाल घातली, नारळ दिला. हेडसर म्हणाले, पन्नास वर्षांचं व्यसन एका शब्दानं सोडणारी ही माउली. तीनशे मुलं टाळ्या वाजवत होती. आईनं पूर्ण वेळ मान वर केली नाही. आपल्या लोकांना मोठेपणा घ्यायची सवयच नाही, याचं मला वाईट वाटलं. फोटोत तिचा चेहरा आलेलाच नाही, नुसता पदर.

घरी आल्यावर शाल घडी करून माझ्या कपाटात ठेवली. म्हणाली, “ही तुझी.”

२५ ऑगस्ट, रविवार

बेळगावला सुगतकडे गेले होते. खडेबाजारात शुगरवाल्यांसाठीच्या मऊ चपला मिळतात, त्या घेतल्या. आई आली नाही, गुडघा धरलाय म्हणाली. परत आल्यावर चपला दाखवल्या. घालून बघ म्हटलं तर, “उद्या घालतो, ऱ्हाऊ दे.” हल्ली घरातसुद्धा सुगतनं दिलेले लोकरीचे मोजे घालून असते. डॉक्टरांनी अनवाणी फिरू नका म्हटलं होतं ते तिनं मनावर घेतलंय. पूर्वी हीच बाई चिखलात अनवाणी जायची.

४ सप्टेंबर, बुधवार

मनुबाईशी कडाक्याचं भांडण. दोन-तीन दिवस पहाटे मला तंबाखू भाजल्याचा वास येत होता. आज उठून परसात गेले. आई चुलीपाशी बसली होती, पाणी तापत होतं, आणि वास भरून राहिला होता. कुंपणापलीकडे मनुबाई उभी. मी तिला तिथंच धारेवर धरलं. म्हटलं, हिनं सोडली हे तुला बघवत नाही का? मुद्दाम हिच्या नाकाशी भाजतेस?

मनुबाईनं आईकडे बघितलं. आई चुलीत बघत होती. मग मनुबाई म्हणाली, “व्हय बाई. मीच भाजतो. माझंच चुकलं. फुडं न्हाय भाजणार.”

आपली चूक कबूल केली हे बरं झालं. आईला अंगात कणकण आहे. पॅरासिटॅमॉल दिली.

१० सप्टेंबर, मंगळवार

ताप जात नाही. शुगर ३८०. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले पायाला काही आहे का? आईला विचारलं. “काय न्हाय. आताच बघितलो.” मी तसं सांगितलं. त्यांनी गोळी बदलून दिली आणि दोन दिवसांत घेऊन या म्हणाले. शाळेत तपासणी आहे, शुक्रवारी नेईन.

आईच्या खोलीत उंदीर मेलाय. कपाटामागं असावा.

११ सप्टेंबर, बुधवार

कपाट सरकवलं, खाट सरकवली, माळा उपसला. उंदीर सापडत नाही. फिनेल टाकून पुसून घेतलं, तरी वास आहेच. आई म्हणाली, “तू दमू नको. मी परसातल्या खोलीत निजतो.” मी म्हटलं, तापात कुठं जातेस? उदबत्ती लावून दिली. माझंच डोकं फुटायची वेळ आलीय. आज चार गोळ्या झाल्या.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. बेळगाव

न्हाणीत पडली. पहाटे आवाज आला म्हणून धावले. चूल पेटलेली, चुलीवर पातेलं नव्हतं, तवा होता. आईला उचलून खाटेवर आणलं. डावा मोजा ओला होता. काढायला गेले तर कातडीसकट निघायला लागला. उंदीर नव्हता तो.

रिक्षातून गाडी, गाडीतून इथं. दारातल्या सिस्टरनं कन्नडमध्ये म्हटलं, “अज्जी, कालु तोरिसि.” आईला कन्नड येतं, वखारीतल्या निम्म्या बायका कन्नड होत्या. पाय दाखवा म्हटल्याबरोबर तिनं शुद्ध नसतानाही चादर पावलावर ओढून घेतली.

उद्या गुडघ्याखाली काढणार.

१४ सप्टेंबर, शनिवार

काढला.

१६ सप्टेंबर, सोमवार

आज शुद्धीवर होती. सुगत चहा आणायला गेला होता. मी तिला विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि विचारलं.

“कधी भाजलं?”

“श्रावण पुनवंच्या आदल्या दिशी.” म्हणजे सत्कारानंतर तीन दिवसांनी. “मांडी घालून बसलोतो. तवा उतरताना निखारा पडला, पायाखाली गेला. मला कळलंच न्हाय. वास आला तवा वाटलं, तंबाखू करपली.”

“वर काय लावलंस?”

“मिश्रीच दाबलो. वखारीत समद्या तेच लावायच्या.”

“मला का नाही दाखवलंस?”

तिनं चादर वर ओढून घेतली. मग म्हणाली, “काय म्हणून दाखवू? भाजलं कशानं म्हणून इचारली असतीस. बाबासाहेबांच्या म्होरं हात जोडून बोललोतो मी. सा दिस पाळलो. सातव्या दिशी मनुबाईकडनं तंबाखूची पानं आणलो. ती नगं म्हणत हुती, मी तिच्या पाया पडलो.” पुढं म्हणाली, “रोज पहाटं लावायच्या आदी फोटू पालथा घालायचो. मग धुऊन, पुसून सरळ करायचो.”

फोटोची काच रोज सकाळी पुसलेली असायची. मला वाटायचं, श्रद्धा वाढली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

विष वर चढलंय. गुडघ्याच्या वर काढावा लागला. मूत्रपिंडं काम करत नाहीत.

बाहेरच्या बाकावर बसून मी सुगतला म्हटलं, मी रागावले असते, चार दिवस बोलले नसते. पण पाय राहिला असता. एवढं साधं गणित तिला का कळू नये?

तो म्हणाला, “तुला सांगायचं आन पाय जायाचा, हेच्यात तिला पाय जायाचा सोपा वाटला आक्का.” मग म्हणाला, “मी बी काय केलो न्हाय. मला बी दिसत हुतं. १५ ऑगस्टचा फोटू बघून मला कळालंतं. तुझ्याशी कोण भांडणार, म्हणून गप बसलो.”

 त्याला बोलायला मला तोंड उरलेलं नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मनुबाई निपाणीहून एकटी बस धरून आली. कमरेला खोचलेली डबी काढून माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, आता हवं ते खाऊ द्या. मी मान हलवली. मनुबाईनं बोटावर चिमूट घेतली आणि आईच्या ओठांपाशी नेली. आईनं दात घट्ट मिटले. “पारू हाय न्हवं हितं,” म्हणाली.

मी म्हटलं, “आई, लाव. मीच सांगते.” तिनं मान फिरवली. मी बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले, बऱ्याच वेळानं आत आले. डबी बंद होती. मनुबाई रडत होती. आईनं लावली की नाही, मी विचारलं नाही.

संध्याकाळी मला जवळ बोलावलं. “कुणाला सांगू नको. ईहारात तर न्हायच. त्या बायका पाया पडल्यात माझ्या. शाळंत पोरांनी टाळ्या वाजीवल्यात. माझी लाज झाक बाई.”

मी हो म्हटलं. ती म्हणाली, “तसं न्हाय. माझ्या डोक्यावर हात ठिव आन बोल.”

ठेवला. बोलले.

२१ सप्टेंबर, शनिवार

आई पहाटे साडेचारला गेली. रोज उठायची ती वेळ. चेहरा धुताना सिस्टरनं विचारलं, दात काळे कशानं? मी म्हटलं, वयानं.

२९ सप्टेंबर, रविवार

काल विहारात आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. मी पुढे बसले होते. हेडसर बोलायला उभे राहिले. म्हणाले, नियती क्रूर असते, उशीर झाला होता, शरीर साथ देऊ शकलं नाही. पण शेवटच्या श्वासापर्यंत कोंडाबाईंनी शब्द पाळला. सगळे साधू साधू साधू म्हणाले. बायका माझ्या गळ्यात पडून सांगत होत्या, पारमिता, तू केलंस तेवढं कुठली मुलगी करत नाही.

खरं आहे. कुठलीच करणार नाही.

सुगत मागच्या रांगेतून उठून बाहेर गेला. मनुबाई आलीच नव्हती. मी हात जोडून सगळ्यांचं ऐकून घेतलं. एकदा वाटलं, उठावं आणि सांगावं की मी माझ्या आईला असं कोपऱ्यात कोंडलं की तिला कुजलेला पाय लपवणं बरं वाटलं. उठता आलं नाही. तिच्या डोक्यावरच्या विरळ केसांचा स्पर्श हाताला अजून आहे.

कार्यक्रम संपल्यावर हेडसर म्हणाले, मॅडम, दसऱ्याच्या सुट्टीत मुलांसाठी एक उपक्रम करू या, आईंच्या नावानं. ज्यांच्या घरी तंबाखू, विडी, मिश्री आहे त्या मुलांनी घरच्या मोठ्यांना आपापल्या श्रद्धास्थानासमोर शपथ द्यायची. छापील अर्ज द्यायचा, त्यावर पालकाची सही किंवा अंगठा. खाली तुमची सही, समितीप्रमुख म्हणून.

मी म्हटलं, सर, शपथेनं होत नाही.

ते म्हणाले, “असं तुम्ही म्हणावं? तुमच्या घरात झालंय.”

६ ऑक्टोबर, रविवार

लिहिण्यासारखं काही नाही. सुगतचा फोन येत नाही, मी करत नाही. गोळ्या घेऊनही डोकं थांबत नाही. हल्ली मळमळतं, पाय सुजतात. झोप नाही म्हणून असेल.

परसातली चूल फोडून टाकायला माणूस बोलावला होता. तो आला, मी त्याला परत पाठवलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

शाळा उघडली. हेडसरांच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता. एकसष्ट. निम्म्यांवर अंगठे. बहुतेक बायकांचे. विड्या वळणाऱ्या, वखारीत जाणाऱ्या. कुणी लक्ष्मीसमोर, कुणी पीरासमोर, कुणी बाबासाहेबांसमोर.

मधल्या सुट्टीत सातवीतली सुविधा माझ्याकडे आली. आई विड्या वळते तिची, बापाचा पत्ता नाही. हसत म्हणाली, “मॅडम, आमच्या आईनं फोटूम्होरं शपथ घेतली. पयल्यांदा नको नको म्हणत हुती. मी सोडलोच न्हाय. कोंडाआजींचं नाव सांगितलो तवा घेतली.”

मी विचारलं, “आता कशी आहे?”

“लई शांत झालीया. माझ्या आदी उठून पाणी तापवती.”

मला बोलायचं होतं. जे बोलायचं ते तयारही होतं: आईला सांग, लावलीस तर मी रागावणार नाही, फक्त मला सांग. एवढंच. पण ती पुढे विचारणार होती, का मॅडम? आणि त्या ‘का’चं उत्तर मी डोक्यावर हात ठेवून बंद केलंय. दारात हेडसर उभे होते, तेही हसत होते.

मी म्हटलं, “शाबास.”

दुपारी अर्ज घेऊन बसले. प्रत्येकाच्या तळाशी एक ओळ छापली आहे: ‘समितीप्रमुखांनी घरी जाऊन खात्री केली आहे.’ त्याखाली माझी सही हवी. सुविधाच्या आईचा अर्ज सतरावा होता. अंगठ्याची शाई जरा पसरलेली, थरथरल्यासारखी. त्यावर सही केली आणि अठरावा घेतला.